तारबाबूंच्या कानातली गिटार

कॉलेजात शिकणाऱ्या एका वाचक मुलीचा प्रश्न आहे. दोन वर्षं ती रोज अर्धा तास गिटार वाजवते. गाण्यांना साथ जमते, पण गेले सहा महिने गाडी पुढे सरकत नाही. एफ कॉर्ड आली की ठेका तुटतोच. आपल्या बोटांतच काही कमी आहे का, असं ती विचारते.

बोटांत काही कमी नाही. हे कोडं सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या तारघरांत सुटत आलं होतं. इंडियाना विद्यापीठाचे विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी मोर्सची कडकट्ट शिकणाऱ्यांच्या वेगाचे आलेख काढले आणि १८९७ व १८९९ मध्ये प्रसिद्ध केले. तार पाठवण्याचा वेग सरळ चढत गेला. ऐकून उतरवून घेण्याचा वेग मात्र थोडा चढला, मग कित्येक आठवडे आडवाच राहिला आणि नंतर एकदम उसळला. शिकण्यातलं ‘पठार’ अभ्यासकांच्या नजरेत भरलं ते या आलेखामुळे. ब्रायन पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, हार्टरांचं नाव मात्र मागे पडलं. मला हे फार लागतं, कारण हार्टर स्वतः तारबाबू होते. कानात काय घडतं, हे त्यांना आतून ठाऊक होतं.

नवशिक्या एकेक अक्षर ऐकतो. मुरलेला तारबाबू शब्द ऐकतो, मग वाक्याचे तुकडे ऐकतो. त्याचा हात कडकट्टच्या काही शब्द मागे राहून निवांत लिहीत असतो. अक्षरं इतकी अंगवळणी पडावी लागतात की त्यांच्याकडे लक्ष द्यावंच लागू नये. तेव्हा कुठे शब्दांसाठी लक्ष मोकळं होतं. पठारावर हेच काम चाललेलं असतं, असं या दोघांचं म्हणणं.

पठार प्रत्येकाच्या वाट्याला येतंच, असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मोर्स शिकवलेल्या फ्रेड केलर यांनी १९५८ मध्ये या पठाराला चक्क आभास म्हटलं. दहा हजार तास रियाझ केला की कुणीही निपुण होतो, या मंत्राबद्दल तर मला रागच आहे. अँडर्स एरिकसन यांच्या १९९३ च्या अभ्यासात तो आकडा बर्लिनच्या उत्तम व्हायोलिनवादकांच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या रियाझाची सरासरी होता. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ च्या पुस्तकाने त्याचा नियम केला, आणि खुद्द एरिकसन यांनी त्यावर हरकत घेतली. नुसते तास मोजून काय होणार? वर्षानुवर्षं काम करूनही त्याच वेगावर थांबलेले तारबाबू ब्रायन-हार्टर यांनीही पाहिले होते.

आपल्या वाचक मुलीची एफ अजून अक्षरांत आहे: आधी तर्जनी सहाही तारांवर आडवी, मग बाकीची बोटं एकामागून एक. तिचा शब्द व्हायला हवा, म्हणजे बोटं एकामागून एक नव्हे, एकदमच आपापल्या जागी टेकायला हवीत. त्यासाठी अख्खं गाणं पुन्हा पुन्हा वाजवण्यात अर्थ नाही, कारण त्यात एफ येते न येते तोच निसटते. मेट्रोनोम अगदी संथ लावून फक्त सी आणि एफ यांच्यात ये-जा करावी. सीमध्ये अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर असते आणि एफमध्येही ती तिथेच असते. ती उचलायचीच नाही. उरलेली बोटं तिच्याभोवती फिरवायची. ठेका न तुटता वर गाणंही म्हणता आलं, की एफचा शब्द झाला.