आमरी आणि उतीस : ऋणाचे दोन हिशेब

नीरा आणि भीमा जेथे एकमेकींस मिळतात त्या नरसिंहपुरास, म्हणजे इंदापूर तालुक्याच्या अगदी सरहद्दीवर, उसाच्या बांधावरील एका जुन्या आंब्यावर वांडा टेसेलाटा नामक आमरीने, म्हणजे ऑर्किडने, ठाण मांडले आहे. आणि बांडगुळावरचा झाड शोषण्याचा आरोप लोक सहजच तिच्याही माथी मारतात. या आरोपाची शहानिशा मुळांपाशीच व्हावयास हवी. सालीला बिलगलेल्या तिच्या पांढऱ्याफटक मुळावर ओंजळभर पाणी सोडले, तो त्याचे सच्छिद्र आवरण ते पिऊन पारदर्शक झाले आणि आतला हिरवा रंग वर आला. नखाने हळूच उचलून पाहिले, तर सालीत त्याने कोठेही शिरकाव केलेला नव्हता. आंबा तिला बैठक देतो, अन्न नव्हे.

तिचे खरे ऋण अन्यत्र आहे. तडकलेले फळ कागदावर झटकले की भुकटी पडते. तिचा कणन् कण बीज असतो, पण अंकुरास पोसण्याइतका साठा त्यात नसतो. अनुरूप बुरशी आत शिरून त्यास तगाई देईल तेव्हाच ते रुजते, हे फ्रान्समधील नोएल बेर्नार यांनी १८९९ साली ओळखले. पुढे १९२२ मध्ये लुईस न्यूडसन यांनी साखरयुक्त आगरवर बुरशीवाचूनही बीज रुजवून दाखविले.

हिमालयातील उतीस, म्हणजे तेथला आल्डर, हाही परावलंबीच. परंतु त्याचा व्यवहार निराळा. त्याच्या मुळांवरील गाठींत फ्रँकिया नामक सूक्ष्मजीव हवेतील नत्र बांधतो (आपल्या किनाऱ्यावरील सुरूच्या मुळांतही तोच नांदतो), आणि गळलेल्या पानांवाटे त्या नत्राचा वाटा जमिनीच्या खाती जमा होतो. म्हणूनच दरड कोसळून उघड्या पडलेल्या उतारावर तो प्रथम उगवतो, आणि नागालँडमधील खोनोमाचे अंगामी शेतकरी त्याचे खोड समूळ न तोडता वरून छाटून त्याच्या सावलीतून मुक्त झालेल्या जमिनीत पीक घेतात.

उतिसाचे देणे शेतात दिसते, आमरीचे घेणे बीजाच्या पोटात दडलेले असते. म्हणून एकास दाता आणि दुसरीस चोर ठरविणे मात्र न्यायाचे नव्हे. आमरी उपटल्याने आंब्याची काडीइतकीही बचत होत नाही; उलट आंबा तोडला, तर त्याच्या सालीवर रुजू शकणाऱ्या तिच्या पुढल्या पिढीचा ठावच नाहीसा होतो.