नायट्रो ट्रकचा खरा शत्रू उडी नव्हे, धूळ
रिमोटवर धावणारा नायट्रो मॉन्स्टर ट्रक उडी चुकून आपटला, तर एखादा सस्पेन्शन आर्म तुटतो. तो बदलता येतो. खरा धोका इंजिनला असतो.

असे का?
या टू-स्ट्रोक इंजिनात वेगळे ऑइल भरत नाहीत. मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनात मिसळलेले तेलच वंगण पुरवते. मिश्रणात इंधन कमी पडले, की वंगणही घटते आणि इंजिन तापते. फिल्टरमधून धूळ शिरली, तर पिस्टन आणि स्लीव्ह झिजतात. मिथेनॉल ओलावा शोषत असल्याने उरलेल्या इंधनामुळे बेअरिंग गंजतात.

काय कराल?
- ट्रक चालवून झाल्यावर टाकी रिकामी करा. इंजिनातले इंधन जळू द्या.
- आफ्टर-रन ऑइलचे काही थेंब टाकून इंजिन फिरवा.
- एअर फिल्टर धुऊन, वाळवून, त्याला फिल्टर ऑइल लावा.