दोघांत एक चाल

एखाद्या समाजाचं नाचगाणं पाहिलं की तो समाज कळतो, असं आपण सहज म्हणून जातो. पण नुसतं पाहून फारसं हाती लागत नाही. अमेरिकी संगीत-अभ्यासक मँटल हूड यांनी १९६० साली आग्रह धरला, की परक्या संगीतावर लिहायचं तर आधी ते वाजवायला शिका. बालीचं गॅमेलान पाहिलं की हा आग्रह पटतो. काशाच्या पट्ट्यांची वाद्यं, ढोल आणि झांजा यांचा हा ताफा बहुधा गावाचा किंवा वादक मंडळीचा सामाईक असतो. त्यातली वेगवान चाल ऐकणाऱ्याला एकसंध वाटते, पण ती दोघांत वाटलेली असते. एकाचा भाग 'पोलोस', दुसऱ्याचा 'सांगसिह'. एकाने सोडलेल्या जागेत दुसऱ्याचा ठोका बसतो. या गुंफणीला 'कोटेकान' म्हणतात. उजव्या हातातला हातोडा पुढच्या पट्टीवर पडतो, त्याच क्षणी डाव्या हाताच्या चिमटीने मागच्या पट्टीचा नाद थांबवायचा असतो. जरा उशीर झाला, तर आपला सूर जोडीदाराच्या सुरावर पसरतो आणि चाल गढूळ होते. वाजवण्याइतकंच वेळेवर गप्प होणंही शिकावं लागतं, आणि हे दुरून ऐकणाऱ्याला कळण्याजोगं नाही. शिवाय जोडीतली दोन वाद्यं मुद्दाम किंचित वेगळ्या सुरांत लावलेली असतात. तंबोऱ्यांची जोडी जुळवणाऱ्या आपल्या कानाला ते खटकेल. पण दोन्ही एकदम वाजली की नाद लाटेसारखा थरथरतो, आणि बालीच्या कानाला ती थरथर नसलेला सूर निर्जीव वाटतो.

म्हणून बालीतली माणसं वाजवतात तशीच वागतात, असा निष्कर्ष काढणं मात्र घाईचं ठरेल. याच बेटावर १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून हजारो माणसं मारली गेली, आणि मारणारे अनेकदा त्याच पंचक्रोशीतले होते. हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. कोटेकानमधून समजतं ते इतकंच, की एकत्र राहायला काय लागतं याची या लोकांना किती बारीक जाण आहे आणि ती हाताबोटांत मुरवायला ते किती खपतात. ती जाण असूनही असं का घडलं, याचं उत्तर इतिहासातच शोधावं लागेल. पण वाद्यापाशी बसलेल्याला तो प्रश्न अधिक बोचतो.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. बालीचा 'केचाक' हा प्रसिद्ध नृत्यप्रकार १९३०च्या दशकात जर्मन चित्रकार वॉल्टर श्पीस यांच्या सहभागाने, पर्यटकांना डोळ्यांपुढे ठेवून आकाराला आला. मग तो बालीचा कसा? त्याचं मूळ देवता अंगात येण्याच्या विधीतल्या पुरुषांच्या समूहघोषात आहे, हे तर खरंच. पण त्याहून बोलकी आहे त्याची घडण. रामायणाचा प्रसंग सुरू असतो, भोवती वर्तुळात बसलेले पुरुष 'चाक, चाक' म्हणत असतात, आणि पूर्ण ठेका त्यांतल्या एकाच्याही तोंडी नसतो. शेजाऱ्याने सोडलेली जागा भरायची, हा धातूच्या पट्ट्यांवरचा शिरस्ता इथे गळ्यांत उतरलेला असतो.