आमिश लोकांची शेती

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोटारी आणि उंच इमारती येतात. पण त्याच देशात पेनसिल्व्हेनिया नावाचे राज्य आहे. त्यातल्या लँकेस्टर भागात आम्ही गेलो. तिथे डांबरी सडकेवर घोड्याच्या बग्ग्या चालल्या होत्या. शेतात खेचरे अवजारे ओढीत होती. ही शेते आमिश लोकांची.

आमिश हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. धर्मासाठी छळ होऊ लागला, म्हणून त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात युरोप सोडून इकडे आले. घरात ते अजून जर्मन वळणाची बोली बोलतात. कपडे साधे, बिननक्षीचे. बाहेरच्या तारांची वीज घरात घेत नाहीत.

तुम्ही म्हणाल, हे लोक अडाणी असतील. तसे मुळीच नाही. नवे यंत्र आले की ते आधी विचार करतात, याने आपली माणसे एकमेकांपासून तुटतील काय? मोटार घेतली तर माणूस लांब लांब जाईल, शेजार सुटेल. म्हणून मोटार मालकीची नको. भाडे देऊन दुसऱ्याच्या मोटारीत बसायला मात्र हरकत नाही! टेलिफोन घरात नको, पण शेताच्या कडेला खोपटात चालतो. शेजारची घरे मिळून तो वापरतात. दूध गार ठेवल्याशिवाय डेअरी घेत नाही, म्हणून त्यापुरते डिझेलचे इंजिन चालवतात. ऐकणाऱ्याला हसू येते. पण काय घ्यायचे, किती घ्यायचे, हे त्यांचे ते बसून ठरवतात.

बहुतेक जण विमा उतरवीत नाहीत. कुणाचे कोठार जळाले तर शेकडो माणसे हातोडे घेऊन येतात. बाया रांधतात. एका दिवसात नवा सांगाडा उभा राहतो. आपली इर्जिक असते ना, तीच ही गोष्ट.

त्यांची मुले आठवीपर्यंतच शिकतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली त्याला मान्यता दिली. आम्ही जन्मभर शाळेत घालवला. आम्हांला काही हे पटत नाही. चौदा वर्षांच्या पोराला पुढचे काय ठाऊक? पंथाची दीक्षा मात्र मोठेपणी आपल्या मर्जीने घ्यायची असते, हे त्यांतल्या त्यांत बरे.

एकेका घरात सहा-सात मुले. जमीन तेवढीच, आणि ती फार महागली आहे. त्यामुळे पुष्कळ तरुण आता सुतारकाम करतात. काही स्वस्त जमिनीसाठी दुसऱ्या राज्यांत जातात. पण सहसा एकटे कोणी जात नाही, चार-सहा घरे मिळून बिऱ्हाड हलवतात.