पनीर सुटलं, मीठ अडकलं!

माहीत आहे का? न्हावा शेवासारखंच चोवीस तास चालू असलेलं एक बंदर तुमच्या पाठीत, बरगड्यांखाली आहे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. सुट्टी नाही, संप नाही!

कसून चेकिंग!
किडनी थकली, की तीन मालांवर नजर ठेवावी लागते : सोडियम, पोटॅशियम आणि फॉस्फरस. मग पनीर सुटणार की अडकणार?

भाऊ आहेत, जुळे नाहीत
कॉटेज चीज दाणेदार असतं, त्यात बहुधा मीठही घातलेलं. 100 ग्रॅममध्ये सोडियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास! घरच्या पनीरमध्ये मीठ पडतच नाही. पहिला राउंड पनीरचा.

चीजला आंघोळ?
हो! कॉटेज चीज गाळणीत घेऊन नळाखाली तीन मिनिटं धुतलं, तर निम्म्याहून जास्त सोडियम वाहून जातं. सोबत बरंच कॅल्शियमही जातं, एवढं ध्यानात ठेवा.

आंबटपणाची कमाल
चेडारच्या 100 ग्रॅममध्ये फॉस्फरस 500 मिलिग्रॅमच्या घरात, कॉटेज चीजमध्ये 160च्या आसपास. दूध आंबट झालं की फॉस्फरसचा काही भाग पाण्यात उतरतो आणि पाण्याबरोबरच निघून जातो. प्रोसेस्ड चीजच्या पाकिटावर मात्र ‘फॉस्फेट’ शब्द शोधाच. वरून घातलेलं फॉस्फेट शरीर पटकन शोषतं.

खारा हिशेब
उरणची मिठागरं डोळ्यांना सुंदर, पण ताटात हात आखडता हवा. दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. खारवलेली मासळी, पापड, लोणचं, सगळं त्यातच!

‘डाएट मीठ’ घेताय? थांबा!
कमी सोडियमच्या मिठात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनीच्या पेशंटला ते धोक्याचं ठरू शकतं.

डायलिसिसचा यू-टर्न
आजार वाढत असताना प्रोटीन साधारण किलोमागे 0.8 ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं, की 1 ते 1.2 ग्रॅम! म्हणजे 60 किलोच्या माणसाला आधी 48 ग्रॅम, नंतर 60 ते 72. पनीरच्या 50 ग्रॅमच्या तुकड्यात 9 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं. मोजूनच वाढा.

घरचा माल, खात्रीचा माल
गाईचं दूध उकळा, लिंबू पिळा. दूध फाटतं, हिरवट-पिवळं पाणी सुटतं. फडक्यात बांधा, वर वरवंटा ठेवा. तासाभरात वडी तयार! वर मिरपूड, कोथिंबीर आणि लिंबाचे चार थेंब. मिठाची आठवणही येणार नाही.

शेवटचा शिक्का
किती खायचं, हे तुमचा रक्ताचा रिपोर्ट ठरवतो. त्यावर सही डॉक्टरांची आणि आहारतज्ज्ञांची. मुंबईचे डॉक्टर असतील, तर 21.8 किलोमीटरचा अटल सेतू आहेच. रिपोर्ट घ्या आणि निघा. घरच्यांना तुम्ही हवे आहात!