राष्ट्रीयीकृत बँक कर्मचाऱ्यांची बडतर्फी आणि भारतीय संविधान

राष्ट्रीयीकृत बँकेतील कर्मचाऱ्याला बडतर्फीच्या आदेशाविरुद्ध भारतीय संविधानाच्या आधारे न्यायालयात दाद मागता येते. मात्र हा अधिकार त्याला सरकारी नोकर म्हणून मिळत नाही. त्याची बँक संविधानाच्या दृष्टीने ‘राज्य’ ठरते म्हणून मिळतो. हा भेद लक्षात न घेतल्यास याचिकेचा पायाच चुकतो.

घटनात्मक आधार

19 जुलै 1969 रोजी 14 आणि 15 एप्रिल 1980 रोजी 6 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र पहिल्या 14 बँकांपैकी एक होय. बँक सरकारच्या मालकीची झाली म्हणजे कर्मचारीही सरकारी झाला, ही समजूत आजही आढळते. पण बडतर्फीपासून संरक्षण देणारा अनुच्छेद 311 केवळ केंद्र वा राज्य शासनाच्या नागरी सेवेतील आणि नागरी पदावरील व्यक्तींना लागू होतो. बँक ही कायद्याने निर्माण झालेली स्वतंत्र संस्था असून तिचे कर्मचारी तिचेच नोकर असतात.

अनुच्छेद 12 मधील ‘राज्य’ या संज्ञेत मात्र ‘इतर प्राधिकरणे’ही येतात. सुखदेव सिंग विरुद्ध भगतराम (1975) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळासह तीन वैधानिक संस्थांना या संज्ञेत बसवले आणि त्यांचे सेवाविनियम त्यांच्यावर कायद्याप्रमाणे बंधनकारक ठरवले. हेच तत्त्व राष्ट्रीयीकृत बँकांना लागू पडते. त्यामुळे मनमानी बडतर्फी अनुच्छेद 14 चा भंग ठरते आणि अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

याचिकेसाठी बँकेचे मुख्यालय असलेल्या शहरी जावेच लागते असे नाही. 1963 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीपासून, वादाचे कारण अंशतः जेथे घडले तेथील उच्च न्यायालयालाही अधिकार आहे. मौदा (जि. नागपूर) येथील शाखेतील व्यवहारांवरून तेथील अधिकाऱ्यावर कारवाई झाल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे दाद मागता येते.

न्यायालय काय तपासते

उच्च न्यायालय अपील ऐकत नाही. पुरावा पुन्हा तोलणे हे त्याचे काम नव्हे. चौकशी न्याय्य रीतीने झाली का, निष्कर्षाला काही तरी पुरावा आहे का आणि शिक्षा धक्कादायक इतकी कठोर आहे का, एवढेच ते पाहते. तरीही या मर्यादेत अनेक आदेश टिकत नाहीत. पंजाब नॅशनल बँक विरुद्ध कुंज बिहारी मिश्रा (1998) या निकालानुसार, चौकशी अधिकाऱ्याने निर्दोष ठरवलेल्या कर्मचाऱ्याला शिस्तभंग प्राधिकारी दोषी मानू इच्छित असेल, तर त्याने मतभेदाची कारणे आधी कळवून म्हणणे ऐकले पाहिजे. रूप सिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक (2009) हे प्रकरण एका शिपायाचे होते. पोलिसांपुढील कथित कबुलीजबाब खातेनिहाय चौकशीत नुसता सादर केल्याने पुरावा होत नाही, असे सांगून न्यायालयाने त्याची बडतर्फी रद्द केली. दुसऱ्या बाजूला, लोकांचा पैसा हाताळणाऱ्याकडून अधिक सचोटीची अपेक्षा असते, हेही न्यायालयाने वारंवार म्हटले आहे; अपहार सिद्ध झालेल्या प्रकरणांत शिक्षा सहसा कमी होत नाही.

लिपिक आणि अधिकारी

लिपिक व शिपाई कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ असल्याने त्यांना केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाचा मार्गही खुला आहे. असे न्यायाधिकरण नागपुरातही आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 मध्ये 1971 साली आलेल्या कलम 11-अ नुसार न्यायाधिकरण पुरावा नव्याने तपासू शकत होते आणि शिक्षाही बदलू शकत होते. औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्येही तशी तरतूद आहे. म्हणजे लिपिकाचा हा साधा मार्ग उच्च न्यायालयापेक्षा विस्तृत आहे, आणि तो सोडून थेट याचिका केल्यास ती फेटाळली जाण्याचा संभव असतो. व्यवस्थापकीय काम करणाऱ्या अधिकाऱ्याला, बँकेतील अंतर्गत अपिलानंतर, मुख्यतः रिट याचिकेचाच आधार उरतो.

खासगी बँकेतील अधिकाऱ्याला तोही नाही. फेडरल बँक विरुद्ध सागर थॉमस (2003) या खटल्यात बडतर्फ शाखा व्यवस्थापकाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य मानली नाही. रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असले तरी खासगी बँक ‘राज्य’ होत नाही, असे कारण दिले. अशा अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयात सामान्यतः नुकसानभरपाई मागता येते, नोकरी परत मागता येत नाही.