लॉर्ड हेल्स आणि 'अकरा वचने'

नव्या कराराच्या सर्व प्रती नष्ट झाल्या असत्या, तरी पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती पितरांच्या ग्रंथांतून अवघी अकरा वचने वगळता तो पुन्हा जुळविता आला असता, असे विधान आपण प्रवचनांतून आणि समर्थनपर पुस्तकांतून पुष्कळदा ऐकतो. त्यासाठी लॉर्ड हेल्स या स्कॉटिश न्यायाधीशांचा हवाला दिला जातो. हे गृहस्थ कोण होते आणि या विधानाला आधार किती, हे पाहणे उपदेशकांच्या व धर्मशिक्षकांच्या हिताचे आहे, असे आम्हांस वाटते.

त्यांचे मूळ नाव सर डेव्हिड डालरिंपल. जन्म १७२६ साली एडिंबरो येथे. शिक्षण इंग्लंडात ईटन येथे व कायद्याचे अध्ययन हॉलंडात युट्रेख्ट येथे झाले. १७४८ मध्ये ते वकील झाले, १७६६ मध्ये स्कॉटलंडच्या सेशन न्यायालयाचे न्यायाधीश आणि १७७६ मध्ये फौजदारी न्यायासनाचेही सदस्य झाले. 'लॉर्ड' ही तेथील न्यायाधीशांची पदवी होय. तिने कोणी उमराव होत नाही. कागदपत्रांतील बारीकसारीक चुका शोधण्याबद्दल त्यांची ख्याती एवढी होती की, 'जस्टिस' या शब्दाच्या शेवटचे एक अक्षर गळाले म्हणून हेल्स निकाल देण्यास नकार देतात, अशी थट्टा त्यांचे स्नेही जेम्स बॉझ्वेल यांनी एका विडंबनकाव्यात केली आहे. हा स्वभावविशेष पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावा.

१७७६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात विशेष गजबजलेले दिसते. त्याच वर्षी त्यांच्या स्कॉटलंडच्या इतिहासाचा पहिला खंड निघाला. स्मुर्णा व लिओं येथील दुसऱ्या शतकातील रक्तसाक्ष्यांचे वृत्तांत त्यांनी त्याच वर्षी इंग्रजीत आणले. आणि त्याच वर्षी एडवर्ड गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंडही प्रसिद्ध झाला. त्याच्या पंधराव्या प्रकरणात गिबन यांनी ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराची पाच 'दुय्यम' कारणे मांडली: ख्रिस्ती लोकांचा आवेश, भावी जीवनाची शिकवण, चमत्कारांचा दावा, शुद्ध आचरण व मंडळीची संघटना. अनेकांनी त्यांच्यावर रागाने लेखण्या चालविल्या. हेल्स यांनी घाई केली नाही. मिनुसियस फेलिक्स, लॅक्टॅन्शियस इत्यादींची भाषांतरे करीत दहा वर्षे घालवून १७८६ मध्ये त्यांनी उत्तर दिले, आणि तेही न्यायाधीशाच्या रीतीने: गिबन यांचे एकेक विधान घेऊन मूळ ग्रंथ त्यास दुजोरा देतात की नाही हे तपासून. आम्हांस त्यांचे खरे कार्य हेच वाटते. १७९२ साली त्यांचे निधन झाले.

आता त्या अकरा वचनांकडे वळू. ही कथा प्रथम छापली गेली ती १८४१ मध्ये, म्हणजे हेल्स यांच्या मृत्यूनंतर एकोणपन्नास वर्षांनी, दक्षिण आफ्रिकेत प्रवास केलेले मिशनसेवक जॉन कॅम्बेल यांच्या चरित्रात. कॅम्बेल यांनी ती वॉल्टर बुकॅनन या एडिंबरोच्या पाळकांकडून ऐकली होती. एका भोजनप्रसंगी वरील प्रश्न निघाला. पुढे सुमारे दोन महिन्यांनी हेल्स यांनी बुकॅनन यांना न्याहारीस बोलावून सांगितले की, शोध घेतला असता सात किंवा अकरा वचने सोडून बाकी सर्व सापडले. सात की अकरा, हे सांगणाऱ्यालाच आठवत नव्हते! पुढच्या लेखकांनी 'सात' गाळून टाकले आणि 'अकरा' तेवढे निश्चित होऊन बसले. ऐकीव साक्षीवर साक्ष अशी ही साखळी आहे. स्वतः हेल्स यांच्या न्यायासनापुढे ती टिकली असती काय?

मजकुराच्या दृष्टीनेही विधान टिकत नाही. योहानाच्या तिसऱ्या पत्रात वचने चौदा-पंधरा आहेत. पहिल्या तीन शतकांत त्याची निर्विवाद अवतरणे दाखविणे कठीण आहे. ते पत्र सर्वजण मानीत नाहीत, असे ओरिगेन यांनी म्हटल्याचे युसेबियस नमूद करतात. या एका पत्रानेच अकराची मर्यादा ओलांडली जाते. मत्तयाच्या तुलनेत मार्काची अवतरणेही फारच थोडी. शिवाय पितर पुष्कळदा स्मरणाने उद्धृत करीत, दोन वचने एकत्र गुंफीत. आयरेनियस यांचा मुख्य ग्रंथ तर संपूर्ण स्वरूपात केवळ लॅटिन भाषांतरात उरला आहे. आणि मूळ अडचण याहून खोल आहे. पितरांच्या वाक्यात नव्या कराराचे शब्द कोणते व लेखकाचे स्वतःचे कोणते, हे आपण ओळखतो ते नवा करार समोर असल्यामुळे. तो नसता तर वचने सापडली असती. त्यांचा क्रम, आरंभ व शेवट सापडला नसता.

म्हणून पितरांच्या अवतरणांचे मोल कमी होते असे नाही. हस्तलिखित कोठे लिहिले गेले हे पुष्कळदा कळत नाही. पण टर्टुलियन कार्थेजचे, आयरेनियस लिओंचे, हे ठाऊक असल्याने अमुक पाठ अमुक काळी अमुक प्रदेशात वाचला जात होता, असे अवतरणांवरून सांगता येते. सुमारे इ. स. १८० मध्ये आयरेनियस चारच शुभवर्तमाने मानतात, ही गोष्ट वर्गात सांगण्यास पुरेशी भक्कम आहे, आणि तिच्यासाठी कोणा न्यायाधीशाच्या न्याहारीचा दाखला लागत नाही.